समोरची बाजू मोकळी

ऋषिराज जगदाळे पुण्याला ग्राफिक डिझाईन शिकतो, हे टेकवडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ग्राफिक डिझाईन म्हणजे काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची आई अंजनाबाई 'कॉम्प्युटरचं हाय कायतरी' म्हणून विषय मिटवायची. शेजारच्या बाळाबाईंचा समज असा, की पोरगं मोटारसायकलींच्या नंबरप्लेटा रंगवायला शिकतंय, आणि तेवढ्याला चार वर्षं का लागावीत याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. वडील, म्हणजे निवृत्त सुभेदार आकाराम जगदाळे, यांना कुणी विचारलंच तर ते उसाच्या तोडीकडं वळायचे. सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस, पण या प्रश्नापुढं माघार घ्यायचा.

याचा दोष टेकवडीला देता येणार नाही. ऋषिराजने आजवर जे काही केलं होतं, ते दाखवून समजावं असं नव्हतंच. दुसऱ्या वर्षी त्याने पाचगणीच्या एका स्ट्रॉबेरीवाल्यासाठी जॅमचं खोकं केलं. त्या खोक्यावर स्ट्रॉबेरी नव्हती. 'स्ट्रॉबेरीची अनुपस्थिती' होती, म्हणजे एक फिकट गुलाबी ठिपका. कॉलेजात त्याला सर्वोच्च श्रेणी मिळाली. स्ट्रॉबेरीवाल्याने ती खोकी बल्ब ठेवायला वापरली. ऋषिराजने त्यावर दोन पानी चिंतन लिहिलं. प्रत्येक प्रकल्पानंतर 'माझी सर्जनशील वाटचाल' या विषयावर चिंतन लिहायचं, असा त्यांच्या कॉलेजचा दंडकच होता, आणि काम कितीही फसलं तरी चिंतन फसत नाही हे ऋषिराजला लवकर उमगलं होतं.

शेवटच्या सत्रात स्वप्ना मॅडमनी सांगितलं, "आता बास झालं खोटं खोटं. आपापल्या मातीत जा. खऱ्या माणसांसाठी खरं काम करा, आणि ते लोकांनी वापरलेलं मला दिसलं पाहिजे." मॅडमचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच होतं. मातीत जाण्याचा अर्थ ऋषिराज इतका शब्दशः घेईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

टेकवडीची भैरोबाची यात्रा तोंडावर आली होती, आणि यात्रा म्हटलं की कुस्त्यांचं मैदान आलंच. मैदानाचं पोस्टर दरसाल रहिमतपूरचा राजरत्न करायचा. राजरत्न हा ऋषिराजचा शाळेतला बाकसोबती. त्याचं छपाईचं दुकान होतं आणि त्याच्या पोस्टरचा साचा ठरलेला: पिवळ्यावर लाल, वर भैरोबा, खाली देणगीदार, आणि मधे एकमेकांकडं डोळे वटारून बघणारे पैलवान. त्यांच्या डोक्याभोवती पांढऱ्या कडा असायच्या, जणू कात्रीने कापून चिकटवलेत. ऋषिराजला ते पोस्टर बघून वेदना व्हायच्या. या खेपेला त्याने यात्रा कमिटीचे अध्यक्ष नानासो यांना गाठलं आणि पोस्टर फुकट करून देतो म्हणाला. फुकट हा शब्द ऐकल्यावर नानासोंनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

पहिल्या नंबरच्या कुस्तीसाठी कुंडलचा पैलवान जयराज ठरला होता. ऋषिराज स्वतः जाऊन त्याचा फोटो काढून आला. मग आठवडाभर खपून त्याने पोस्टर केलं. उजव्या अंगाला जयराज, काळ्या-पांढऱ्या रंगात, दगडातून काढल्यासारखा. डाव्या अंगाला काही नाही. नुसती पांढरी जागा. खाली बारीक अक्षरात मैदानाची तारीख.

नानासोंच्या ओसरीवर कमिटी जमली. लॅपटॉप पाटावर ठेवला. सगळे पुढं वाकले.

"देव कुठाय?" कुणीतरी विचारलं.

देव तारखेच्या शेजारी होता, शेंगदाण्याएवढा. शेजारधर्म म्हणून आलेल्या बाळाबाईंनी लगेच हात जोडले आणि म्हणाल्या, "एवढासा केलास भैरोबाला? त्यो गप बसंल व्हय रं?"

पण नानासोंचं बोट डाव्या अंगावर होतं. "हिकडली बाजू मोकळी कशापायी?"

ऋषिराजने समजावलं. डोळ्याला विसावा लागतो, पांढरी जागा बोलते, न दाखवलेलं जास्त दिसतं. हे तो स्वप्ना मॅडमच्या आवाजात बोलत होता. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं.

"पांढरी जागा बोलती, हे खरं हाय," ते म्हणाले. "काय बोलती म्हाईत हाय का तुला? समोरची बाजू मोकळी सोडली म्हंजे खुलं आव्हान झालं. जयराज सांगतोय, या कोण येतंय त्ये. उद्या पंजाबाचा एखादा येऊन हुबा ऱ्हायला, तर त्या जयराजला काय तोंड दाखवू मी? भर ती बाजू!"

"पण समोरचा पैलवान कोण?"

"त्येच तर ठरंना गड्या. हुडकतोय. तू तवर जागा तयार ठेव. देव मोठा कर."

आता इथे स्वप्ना मॅडमची आणखी एक शिकवण आडवी आली. तात्पुरती जागा भरायला डमी मजकूर म्हणून काहीतरी अगम्य टाकू नका, खऱ्यासारखा टाका, म्हणजे मांडणीचा खरा अंदाज येतो, असं त्या नेहमी सांगायच्या. ऋषिराज हा आज्ञाधारक विद्यार्थी. तो संध्याकाळच्या उन्हात गच्चीवर गेला. वडिलांचा फेटा डोक्याला गुंडाळला, शर्ट काढला, मोबाईल पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी टेकवला आणि हाताची घडी घालून, मुठींनी दंड बाहेर ढकलत उभा राहिला. तसा त्याच्या अंगावर मांस असं नव्हतंच. पण खालून घेतलेला फोटो, तिरपं ऊन आणि चार वर्षांचं शिक्षण यांनी मिळून असा काही चमत्कार केला, की फोटोतला माणूस दरवाजात मावला नसता. खाली त्याने अक्षरांचा अंदाज घ्यायला लिहिलं: 'पै. ऋषिराज जगदाळे, पुणे'. देव शेंगदाण्याएवढाच राहिला, पण मांडणी छान तोलली गेली. त्याने नानासोंना व्हॉट्सॲपवर पोस्टर पाठवलं आणि खाली लिहिलं, 'पहिला मसुदा. अभिप्राय कळवावा.'

नानासोंकडून एक अंगठा आला, मग जोडलेले हात, मग आगीच्या ज्वाळा.

कॉलेजात अभिप्राय म्हणजे तासभर वाद, एक रडणारी मुलगी आणि पुढच्या आठवड्यात नवा मसुदा. टेकवडीत अंगठा म्हणजे छापा. ऋषिराज सकाळी उठून चहा पितो न पितो तोवर पोस्टर एसटी स्टँडवर लागलं होतं, रहिमतपूरच्या रस्त्याला लागलं होतं आणि पार कुंडलपर्यंतच्या तालमींच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं होतं.

पहिला फोन राजरत्नचा आला. "आरं, छापताना नाव वाचलं. म्हटलं बरं झालं, पुण्याला जाऊन सुधारलास."

ऋषिराज तसाच चपला सोडून नानासोंकडं पळाला. नानासोंनी त्याला मिठीच मारली. "महिनाभर आमी जयराजला जोड हुडकतोय, आन तू गावातच निघालास!"

"नाना, ते डमी होतं. जागा भरायला माझा फोटो टाकलेला. मी पैलवान नाही."

नानासोंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्ये दिसतंयच की. पर आता छापलंय."

"मग परत छापू!"

"पोरा, टेकवडीच्या मैदानात छापलेली जोड कवा फिरली न्हाई. माझ्या बापाच्या टायमाला एकाला ताप हुता, त्यो तापात खेळला. आन पोलीस परवानगीला ह्योच कागद जोडलाय मी. त्यांचं काय करतोस?"

ऋषिराजच्या मनात सुशिक्षित माणसाची आशा जागी झाली. पोलीस म्हणजे सरकार, सरकार म्हणजे नियम, आणि न खेळणाऱ्या माणसाला कुस्ती खेळायला लावायचा नियम कुठेच नसणार. तो चौकीत गेला. हवालदारांनी अर्ज शांतपणे वाचला.

"नाव कमी करता येतं," ते म्हणाले. "तुमी पैलवान न्हाई असा दाखला आणा."

"तो कोण देणार?"

"तालमीचा वस्ताद."

वस्ताद म्हणाले, "जो माझ्या तालमीत आलाच न्हाई, त्याला मी दाखला कसा देऊ? आधी तालमीत ये, म्हंजे सांगतो तू पैलवान हाईस का न्हाई." यात बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटी ऋषिराजने आपलं हत्यार उपसलं. त्याने शुद्धिपत्रकाचं पोस्टर केलं: करड्या रंगात, चौफेर समास सोडून, 'पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीबाबत नम्र निवेदन'. अतिशय देखणं पोस्टर होतं. ते त्याने स्वतः स्टँडवर चिकटवलं आणि बाजूला उभा राहून बघत बसला. एकानेही ते वाचलं नाही. नानासोंना ते बँकेचं वाटलं. दुपारनंतर त्यावर कुणीतरी 'जर्सी गाय विकणे आहे' असा कागद डकवला, आणि तो मात्र थांबून थांबून वाचला गेला. त्या दिवशीच्या चिंतनात ऋषिराजने लिहिलं: 'संयत मांडणीच्या मर्यादा मला जाणवू लागल्या आहेत.'

आता एकच वाट उरली होती. आण्णांना, म्हणजे वडिलांना, खरं सांगायचं. सुभेदार खमके होते, ते नानासोंना चार शब्द सुनावतील आणि प्रकरण मिटेल. तो घरी आला, तर सुभेदार दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून पेढा देत होते. "पोराचं पोस्टर लागलंय," एवढंच म्हणत होते. डोळे ओले होते. चार वर्षांत ऋषिराजने काही केलं म्हणून त्यांनी चण्याचा दाणाही कुणाला वाटला नव्हता. त्याच्या निकालाला ते 'बरं' म्हणायचे, श्रेणीला 'बरं' म्हणायचे, बल्बच्या खोक्याला तर काहीच म्हणाले नव्हते.

ऋषिराजच्या जिभेवर आलेलं सगळं तिथंच विरघळलं. हात-पाय मोडले तर प्लास्टरमधे बसतात. हा पेढा परत पुड्यात कसा जाणार? त्याने मुकाट्याने स्वतःच्या वाटणीचा पेढा खाल्ला.

मग सुरू झाला गावाचा सल्ला. टेकवडीत ज्याने म्हणून एकदा लंगोट लावला होता, त्याचं एक मत होतं. कुणी म्हणालं बदाम, कुणी म्हणालं थंडाई, कुणी म्हणालं मान घट कर, बाकी देवाच्या हातात. बाळाबाई रोज कच्ची अंडी घेऊन यायच्या आणि ती गिळेपर्यंत समोर बसायच्या. "भैरोबाला बारीक केलंस नव्हं," त्या म्हणायच्या, "आता भोग." अंजनाबाई रडत रडत तुपातला शिरा करायच्या. सुभेदार पहाटे त्याला उसाच्या बांधावरून पळवायचे, जोर काढायला लावायचे, आणि जोर काढताना तो तोंडावर पडला की बाजूला वळून उभे राहायचे. डाव त्यांनी एकही शिकवला नाही. "पाय रोवून हुबं ऱ्हायचं," एवढंच सांगितलं. "पळायचं न्हाई."

मैदानाच्या दिवशी हलगी कडाडायला लागली, तेव्हा ऋषिराज एका छत्रीच्या आडोशाला लाल लंगोटात उभा होता. ज्या माणसाने चारचौघांत कधी बिनबाह्यांचा बनियनही घातला नव्हता, त्याला पंचक्रोशी बघत होती. निवेदक गर्जत होता, "पुण्यामधी कुणाला पत्ता न लागू देता, गुपचूप मेहनत केलेला पठ्ठ्या!" गुपचूप हे खरंच होतं. ऋषिराजने राजरत्नला मैदानाच्या कडेला फोटो काढायला बसवलं होतं. काम वापरात असल्याचा पुरावा कॉलेजला लागत होता.

जयराज समोर आला. माती घेतली, सलामी झाली, दोघांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले. ऋषिराजला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. जयराजचा हात गार पडला होता.

"कुणाचा पठ्ठ्या तू?" जयराज कानाशी पुटपुटला. "समद्या तालमी इचारून झाल्या. कुणाला म्हाईतच न्हाईस. फोटू बघून झोप उडली माझी."

"मी पैलवान नाही हो," ऋषिराजचा आवाज रडवेला झाला. "मी पोस्टर केलं. माझा फोटो नुसता जागा भरायला होता."

जयराज थबकला. लोकांना वाटलं, तोलामोलाची खडाखडी चाललीय. टाळ्या पडल्या.

"माझा काळा-पांढरा फोटू तूच काढलास न्हवं? कुंडलला आलतास त्यो?"

"हो."

"आई आधी लय रडली. म्हनली, काळा-पांढरा म्हंजे गेलेल्या माणसाचा." त्याने ऋषिराजला मानेला धरून अलगद गोल फिरवलं. "मग भावकीतल्यांनी समजूत काढली. आता चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. त्याच फोटूवर माझं लगीन जमतंय. पोरगी बीएस्सी हाय."

"अभिनंदन," ऋषिराज म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"डावा पाय मागं घे. हां. आता मला ढकल. जोरात ढकल की रं, लोकं बघत्यात! आता माझा हात झटक. ओरड जरा." ऋषिराज ओरडला. मैदान उभं राहिलं. हलगीवाल्याने ठेका वाढवला. जयराजने स्वतःच्याच पायात पाय अडकवून एकदा गुडघाही टेकला, तेव्हा निवेदकाचा घसा बसला. "बास झालं," जयराज शेवटी म्हणाला, "आता झोपवतो. मान आत घे, लागायचं न्हाई." आणि आई तान्ह्याला ठेवते तसं त्याने ऋषिराजला पाठीवर ठेवलं.

ऋषिराज हरला, पण टेकवडीला हरल्यासारखं वाटलं नाही. नानासोंनी दोघांनाही फेटे बांधले. बाळाबाईंनी त्याच्या डोक्याला अंगारा लावला आणि भैरोबाच्या वतीने माफी देऊन टाकली.

बापलेक बांधावरून घरी निघाले. सुभेदार पुढं, ऋषिराज मागं. कानात माती, केसात माती, आणि मनात एवढंच, की निदान आण्णांची मान खाली गेली नाही.

"दोनदा तुझा पाय धरून पट काढायचा डाव आयता हुता," सुभेदार मागं न बघता म्हणाले. "जयराजनं काढला न्हाई. गुडघा तर त्यानं आपणहून टेकला."

ऋषिराजचे पाय थांबले. "तुम्हाला कळलं?"

"आरं, तालमीत गेलीत माझी वर्सं. पोस्टर बघितलं तवाच कळलं हुतं. फेटा माझा, पर बांधलाईस नवरदेवासारखा. आन पैलवान छाती काढतो तवा श्वास असा धरून ठेवत न्हाई."

"मग पेढे कशाला वाटलेत?"

सुभेदार वळले. नजर उसाकडं गेली. या वेळी मात्र तोडीचा विषय निघाला नाही.

"चार वर्सं लोकं इचारत्यात, पोरगं काय शिकतंय. काय सांगायचं? मलाच कळत नव्हतं. लाज वाटायची, तुझी न्हाई, माझीच. त्या सकाळी स्टँडवर गेलो, तर माणसं त्या जयराजच्या फोटूपुढं हुबी. गाडी चुकली तरी हालंनात. म्हटलं, हे माझ्या पोरानं केलंय. तू पैलवान झालास म्हणून न्हाई वाटलं पेढं. पोस्टर तू केलंस म्हणून वाटलं."

 चिंतनात रकाने भरून लिहिणारा माणूस कानातली माती काढत बसला. सावरायला म्हणून तो चिडला. "मग मला मातीत उतरू का दिलंत? नानांना सांगायचं होतं!"

"चुकीचं छापलं कुणी? तू. मग निस्तराय काय मी उतरू?" म्हणून सुभेदार चालायला लागले.

पुण्यात परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी राजरत्नने काढलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाले, की डिझायनरने स्वतःचा देह मांडणीचा घटक म्हणून वापरणं ही धाडसी संकल्पना आहे. स्वप्ना मॅडमनी विचारलं, हे सुचलं कसं? ऋषिराज म्हणाला, लोकांच्या अभिप्रायातून. त्याला सर्वोच्च श्रेणी मिळाली. शुद्धिपत्रकाला कुणी हात लावला नाही.

निकाल घेऊन तो टेकवडीला आला. सुभेदारांनी कागद बघितला, 'बरं' म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी ते गच्चीवर आले. डोक्याला फेटा होता, पैलवानी बांधलेला. अंगात सदरा नव्हता. छातीवरचे केस पांढरे झाले होते, पण खांदे अजून जागच्या जागी होते.

"ल्हानपणी रेवड्यांच्या बक्षिसावर कुस्त्या केल्या मी," ते टाकीकडं बघत म्हणाले. "पोस्टरवर फोटू येण्याइतपत झालो, तवर पलटणीत गेलो. माझा कवा आलाच न्हाई." मग जरा वेळाने, "फुडल्या सालचं पोस्टर तूच करणार न्हवं? तुला डमी लागंलच."

ऋषिराजने मान हलवली. मोबाईल टाकीच्या पायथ्याशी टेकवला. ऊन तिरपं होतं. सुभेदारांनी हाताची घडी घातली, आणि त्यांना दंड बाहेर ढकलावे लागले नाहीत. "आण्णा, जरा डावीकडं बघा. आता हलू नका." फोटो निघाला. खालून घ्यायची गरजच नव्हती.

त्याने तिथंच मोबाईलवर पोस्टर मांडायला घेतलं. उजव्या अंगाला आण्णा, काळ्या-पांढऱ्या रंगात. वर भैरोबा, या खेपेला चांगला ठसठशीत. मग त्याचं बोट थांबलं.

"समोर कुणाला घेऊ?"

सुभेदारांनी चष्मा लावला, पडद्यावर स्वतःला एकदा नीट बघून घेतलं, आणि फेट्याचा शेमला मागं टाकला.

"ती बाजू मोकळीच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बघू कोण येतंय त्ये."